गेमच्या परीक्षणाला पुरवणीत जागा द्या : गोव्यातील मराठी दैनिकांच्या संपादकांना खुले पत्र

माननीय संपादक आणि पुरवणी पाहणारे सर्व सहकारी,

सादर नमस्कार.

मी पेडणे तालुक्यात एका माध्यमिक शाळेत संगणक शिकवतो. मराठी दैनिक आमच्या घरी माझ्या आजोबांच्या काळापासून येते. या पत्रात माझी एकच मागणी आहे. रविवारच्या पुरवणीत व्हिडिओ गेमची परीक्षणे छापायला सुरुवात करा. ज्याने तो गेम स्वतः खेळला आहे अशा माणसाने ती लिहावीत, मराठीत लिहावीत, आणि नाटकाचे परीक्षण ज्या गांभीर्याने लिहिले जाते त्याच गांभीर्याने लिहावीत.

आपल्या पानांवर गेम येतच नाहीत असे नाही. २०१९ च्या फेब्रुवारीत राज्याच्या आयटी मंत्र्यांनी पबजीला घराघरात शिरलेला राक्षस म्हटले, त्याची चर्चा आमच्या शिक्षकांच्या खोलीतही झाली. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्राने त्या गेमवर बंदी घातली, तेव्हा पुन्हा बातम्या आल्या. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांविरुद्ध संसदेने कायदा केला, तेव्हाही आल्या. या बातम्या हव्याच होत्या. पण केवळ त्या वाचणाऱ्या माणसाच्या मनात गेम म्हणजे व्यसन, बंदी आणि बुडालेला पैसा एवढेच राहते. एखादा गेम चांगला कसा असतो, दुसरा फसतो कुठे, चाळीस हजारांच्या लॅपटॉपवर तो चालेल का, बारा वर्षांच्या मुलाला द्यावा का, हे सांगणारे कोणी नाही. पालक मला विचारतात. मुलेही विचारतात, "सर, हा घेऊ काय?" त्यांना वाचायला देण्यासारखा मराठी मजकूर माझ्याजवळ नसतो. काही वर्षांपूर्वी एका दैनिकात एका नव्या गेमबद्दल अर्धा रकाना आला होता. तो कंपनीच्या प्रसिद्धिपत्रकाचा अनुवाद होता, विशेषणांसकट.

माझे म्हणणे एका गेमच्या आधाराने मांडतो, कारण समीक्षक आणि खेळाडू मिळून एखादा गेम कसा स्वीकारतात, आणि त्यात आपल्यासारख्यांचा आवाज कुठे गळून पडतो, हे त्या एका उदाहरणात दिसते. गेमचे नाव 'सबनॉटिका'. अमेरिकेतल्या अननोन वर्ल्ड्स या छोट्या स्टुडिओने तो केला. डिसेंबर २०१४ मध्ये तो अर्धवट अवस्थेत, म्हणजे अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये विक्रीला आला आणि २३ जानेवारी २०१८ रोजी पूर्ण झाला. हा मोकळ्या जगातला, तगून राहण्याचा गेम. ऑरोरा नावाचे अंतराळयान पाण्याने व्यापलेल्या एका ग्रहावर कोसळते आणि तुम्ही एका लहानशा बचावकुपीतून समुद्रात तरंगत असता. भूक लागते, तहान लागते. पाण्याखाली सुरुवातीला हवा पुरते फक्त ४५ सेकंद. हाताने मासे पकडायचे, भंगारातून टायटॅनियम गोळा करायचे, त्यातून हवेची टाकी करायची, मग थोडे आणखी खाली जायचे. नकाशा कोणी देत नाही. जीव घेणारी बंदूकही नाही, हातात एक सुरी असते. या स्टुडिओचा आधीचा गेम बंदुकांचाच होता. पण डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकेतल्या सँडी हूक शाळेत गोळीबार झाला, त्यानंतर दिग्दर्शक चार्ली क्लीव्हलंड यांनी या नव्या गेममध्ये बंदुका ठेवायच्या नाहीत असे ठरवले. गेम म्हणजे मारामारी असे धरून चालणाऱ्या प्रत्येक पालकाने हे एकदा वाचायला हवे असे मला मनापासून वाटते.

समीक्षकांनी या गेमला उचलून धरले. मेटाक्रिटिक ही साइट वेगवेगळ्या परीक्षणांतले गुण एकत्र करून सरासरी काढते, तिथे संगणकावरच्या आवृत्तीला १०० पैकी ८७ आहेत. परीक्षणे वाचली तर कौतुकाचा रोख एकच दिसतो. खाली काय आहे हे कोणी सांगत नाही, म्हणून पाहावेसे वाटते आणि पाहायला गेले की भीती वाटते. कथा कोणी समोर येऊन ऐकवत नाही. बुडालेल्या अवशेषांत सापडणाऱ्या नोंदी आणि रेडिओवरचे संदेश यांतून ती आपणच जुळवायची. तक्रारीही जवळपास सारख्याच होत्या. दूरच्या वस्तू अचानक डोळ्यांसमोर उगवतात, चित्र अडखळते, पिशवीत सामान फार कमी मावते. या तक्रारी खऱ्या आहेत आणि आजही लागू आहेत.

खेळाडूंचा कौल दुसऱ्या वाटेने आला. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात गेम विकत घेतलेला माणूस अंगठा वर किंवा खाली करतो, खाली चार ओळी लिहितो, आणि त्याच्या नावाशेजारी तो किती तास खेळला हे दिसते. सबनॉटिकाला तिथे १०० पैकी ९५ पेक्षा जास्त लोकांनी अंगठा वर दाखवला आहे. आमची मुले हा आकडा परीक्षेच्या टक्क्यांसारखा वाचतात. तो तसा नाही. ज्याला गेम बरा वाटला त्याचा अंगठा आणि ज्याची तो खेळताना झोप उडाली त्याचा अंगठा, दोन्ही एकच मोजले जातात. किती जणांना आवडला हे त्यातून कळते, किती आवडला हे कळत नाही. एवढी साधी गोष्ट मराठीत कोणी लिहून ठेवलेली नाही, म्हणून मला ती दर वर्षी वर्गात नव्याने सांगावी लागते.

पण खेळाडूंच्या या मतांत समीक्षकांकडे नसलेले एक मोठे धन आहे, ते म्हणजे काळ. समीक्षकांना जानेवारी २०१८ चा पूर्ण गेम मिळाला. साधारण तीसेक तासांत तो संपतो, तेवढे खेळून त्यांनी मजकूर दिला. खेळाडू त्याआधी तीन वर्षे त्याच पाण्यात होते. खेळता खेळता एफ-८ हे बटण दाबले की एक खिडकी उघडायची. तिथे हसरा किंवा वैतागलेला चेहरा निवडायचा, दोन शब्द लिहायचे, की ते थेट स्टुडिओकडे जायचे. स्टुडिओने आपल्या कामांची यादीही सर्वांना पाहायला खुली ठेवली होती, आज कोण काय दुरुस्त करतो आहे ते कोणीही पाहावे. सुरुवातीच्या काळात समुद्राचा तळ खणता येत असे. संगणकावर त्याचा ताण फार पडतो म्हणून ती सोय काढून टाकली, तेव्हा बरेच खेळाडू नाराज झाले. एकत्र खेळण्याची सोय हवी ही मागणी तर सतत होती. स्टुडिओने ती मानली नाही आणि माझ्या मते योग्य केले. सोबतीला दुसरा माणूस असता तर त्या पाण्याचा धाक निम्म्यावर आला असता. पुढे चाहत्यांनी स्वतःच गेमला जोडायची भर (मॉड) तयार करून एकत्र खेळायची वाट काढली, तो त्यांचा हक्क.

त्या तीन वर्षांतली मते स्टीमवर आजही आहेत, प्रत्येकावर अर्ली अ‍ॅक्सेसचा शिक्का आहे. २०१५ मध्ये कोणी लिहिले असेल की गेममध्ये कथाच नाही, तर ते तेव्हा खरे होते. आज तो गेमच उरलेला नाही. स्टीमने मे २०१६ पासून अलीकडची मते आणि एकूण मते वेगळी दाखवायला सुरुवात केली, त्यामागचे एक कारण हेच. गेम बदलत राहतो आणि मत मात्र लिहिलेल्या दिवशी थांबते.

आता गोव्याकडे येतो. २०१८ च्या डिसेंबरात एपिक या कंपनीने आपले नवे दुकान उघडले आणि तिथे पहिलाच फुकट गेम म्हणून सबनॉटिका दोन आठवडे दिला. आमच्या भागात पाण्याखालचा हा खेळ आला तो तेव्हा. नाताळच्या सुट्टीत एकाने दुसऱ्याला सांगितले, दुसऱ्याने तिसऱ्याला. नंतर कितीतरी मुलांच्या संगणकावर मी तो पाहिला. पण त्या दुकानात त्या वेळी खेळाडूला मत लिहायची सोयच नव्हती. हरमलच्या, मांद्र्याच्या, तुयेच्या या पोरांनी तो गेम कसा घेतला, कुठे सोडला, कशाला घाबरली, याची जगात कुठेही नोंद नाही. स्टीमवरच्या लाखो अंगठ्यांत ती नाहीत, समीक्षकांच्या सरासरीतही नाहीत.

आणि त्यांच्याजवळ सांगण्यासारखे होते. एक उदाहरण देतो. संगणकावर हा गेम आपोआप सेव्ह होत नाही, आठवणीने स्वतः करावा लागतो. मी वाचलेल्या परदेशी परीक्षणांत याचा उल्लेख असलाच तर एका वाक्याचा. आमच्याकडे जूनच्या पहिल्या पावसात वीज दिवसातून कितीदा जाते ते आपल्याच दैनिकांत छापून येते. ज्याच्या घरी इन्व्हर्टर नाही त्याने दोन तास खाली उतरून, गुहा शोधून, दुर्मीळ खनिज हाती लागल्यावर वीज गेली की सगळे गेले. एका मुलाने माझ्यासमोर हा प्रकार सोसला. पडदा काळा झाला, पंखा थांबला, तो काही बोलला नाही, फक्त खुर्ची मागे सरकवून उठला. पेडण्यातल्या वाचकासाठी लिहायच्या परीक्षणात ही गोष्ट पहिल्या परिच्छेदात यायला हवी. चित्र अडखळते ही तक्रारही तशीच आहे. वेगळे ग्राफिक कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर सबनॉटिका उघडतो, पण उथळ पाण्यातून बाहेर पडले की रखडतो. परीक्षण लिहिणाऱ्याने आपण कोणत्या यंत्रावर खेळलो हे सांगितले नाही, तर त्याचा आमच्या वाचकाला उपयोग नाही.

दुसरे उदाहरण माझ्या मामांचे. ते केरीचे, तरुणपणी मासे पकडायला रापणीवर जायचे, नंतर होडी घेऊन. एका संध्याकाळी ते आमच्याकडे आले असता माझा भाचा हा गेम खेळत होता. मामा त्याच्या मागे उभे राहून बराच वेळ पाहत राहिले. मुलगा वाट चुकला होता. हवा संपत आलेली, वर येऊन पाहतो तर चहूकडे पाणी. मामांनी पडद्यावर बोट ठेवले. क्षितिजावर ऑरोराचा मोडका सांगाडा दिसत होता. "ते फुटलेले जहाज पाठीकडे धर," ते म्हणाले, "आणि सूर्य कुठल्या अंगाला आहे तो बघून जा." त्यांच्या काळात तेरेखोलचा किल्ला आणि मागचा डोंगर धरून होडी आणायचे, तसे. मुलाने तसे केले आणि त्याची बचावकुपी सापडली. नकाशा न देण्याचा निर्णय समीक्षकांनी वाखाणला तो भीतीसाठी, कुतूहलासाठी. त्या निर्णयामुळे खेळणाऱ्याला खुणा धरून दर्या ओळखावा लागतो, आणि ती विद्या आमच्या किनाऱ्यावर अजून जिवंत आहे, हे मी कोणत्याही परीक्षणात वाचलेले नाही. ते लिहायला केरीचाच माणूस लागेल.

मामांना एक गोष्ट खटकलीही. एवढे स्वच्छ पाणी, तळापर्यंत दिसणारे, त्यांना दर्या वाटेना. पावसाळ्यात आपले पाणी लाल गढूळ असते, जून-जुलैत मासेमारी बंदच असते. पण गेममध्ये रात्र झाली, पाणी काळे पडले आणि खालची झाडे चमकू लागली, तेव्हा ते खुर्ची ओढून बसले. रात्रीच्या समुद्रात वल्हे मारले की कधी कधी पाणी उजळते, ते त्यांनी पाहिलेले आहे. आवाज वाढव म्हणाले. या गेममध्ये मोठा प्राणी दिसण्याआधी ऐकू येतो, आणि ऐकू आल्यावर कुठून येतो आहे ते कळत नाही. तिथे मामा गप्प झाले.

याच गेमचा पुढचा भाग, 'बिलो झिरो', मे २०२१ मध्ये आला. तिथे समीक्षक आणि खेळाडू यांच्यात थोडी फट पडली. समीक्षकांपैकी अनेकांना बोलणारी नायिका आणि अधिक नेटकी कथा आवडली. जुन्या खेळाडूंपैकी पुष्कळांचे म्हणणे असे की जग लहान झाले, जमिनीवरचे चालणे वाढले आणि भीती ओसरली. दोघांचेही मत चांगलेच होते, पण पहिल्याइतके नाही. मी खेळाडूंच्या बाजूचा आहे. बडबड्या नायिकेसोबत एकटेपणा राहत नाही. पण माझ्याशी वाद घालणारा कोणी त्याच पुरवणीत पुढच्या रविवारी लिहील, तर मला त्याहून जास्त आनंद होईल. नाटकावर असे वाद आपल्या पानांवर झालेले आहेत, लोक आजही त्यांची आठवण काढतात.

आकड्यांवर विसंबण्याचा धोका किती हे सांगायला दोन गेम पुरेत. 'नो मॅन्स स्काय' ऑगस्ट २०१६ मध्ये आला. अख्खे विश्व फिरायला मिळेल असा गाजावाजा होता. पहिल्याच दिवशी दोन खेळाडू ठरवून एकाच ग्रहावर, एकाच जागी पोहोचले आणि त्यांना एकमेकांचे दर्शनही झाले नाही. लोकांचा संताप अनावर झाला. मेटाक्रिटिकवर संगणकाच्या आवृत्तीला ६१ गुण पडले, प्लेस्टेशनच्या आवृत्तीला ७१. मग हॅलो गेम्स या इंग्लंडमधल्या छोट्या चमूने तोंड बंद ठेवून काम केले. जुलै २०१८ च्या मोठ्या सुधारणेत खेळाडू एकमेकांना खरोखर दिसू लागले. पुढची सगळी भर त्यांनी फुकट दिली. २०२४ च्या अखेरीस स्टीमवरचे एकूण मत 'अतिशय चांगले' या पायरीवर चढले. मेटाक्रिटिकवरचे ६१ मात्र ६१ च आहेत. आज एखाद्या पालकाने तो आकडा पाहून नाही म्हटले, तर त्याने आठ-दहा वर्षांपूर्वीच्या गेमला नाही म्हटलेले असते.

'द डे बिफोर' याच्या उलट. स्टीमवर घ्यायच्या गेमच्या यादीत लोकांनी सर्वात जास्त नोंदवून ठेवलेल्या गेमांपैकी तो एक होता. मोकळे जग, झोंबी, हजारो खेळाडू एकत्र, असे दाखवले गेले होते. ७ डिसेंबर २०२३ ला तो आला. दाखवले होते त्यातले फारसे काही त्यात नव्हते. चार दिवसांत स्टुडिओने आपण बंद होत असल्याचे जाहीर केले, आणि २२ जानेवारी २०२४ ला सर्व्हरही बंद पडले. पैसे परत मिळाले, ते बरे झाले. पण विकत घेण्याआधी थांबा, असे मराठीत सांगणारा एक रकाना आपल्याकडे असता तर? आमच्या मुलांना हे कळते ते इंग्रजी किंवा हिंदी व्हिडिओंतून. त्यातले कोणते जाहिरातीचे पैसे घेऊन केलेले असतात हे त्यांना ओळखता येत नाही. त्यांना ते शिकवण्याचे काम मी करतो, पण शाळेबाहेर ते आपले काम आहे असे मला वाटते.

आकड्याचा धाक खुद्द करणाऱ्यांनाही असतो. २०१० च्या 'फॉलआउट : न्यू व्हेगस' या गेमच्या वेळी ऑब्सिडियन या स्टुडिओचा बोनस मेटाक्रिटिकच्या ८५ गुणांवर ठरला होता. पडले ८४. म्हणून माझी विनंती आहे की आपण सुरुवात कराल तेव्हा तारे, गुण, टक्के काही देऊ नका. कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेतल्या प्रयोगावर लिहिणारा माणूस काय करतो ते पाहा. तो प्रयोगाला जाऊन बसतो. संहितेत काय आहे, दिग्दर्शकाने त्याचे काय केले, नेपथ्य कुठे अडले, दुसऱ्या अंकात कोणाचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोहोचला नाही, हे लिहितो. दिवाळीनंतरच्या जत्रेतला दशावतार असो की उत्सवातले गावकऱ्यांचे नाटक, पाहायचे कसे हे आपल्या वाचकाला ठाऊक आहे. ती नजर आयती तयार आहे. गेममध्ये प्रेक्षक स्वतः रंगमंचावर चढलेला असतो, एवढाच फरक लिहिणाऱ्याला सांभाळावा लागेल. त्याने काय केले म्हणून काय घडले, हेही लिहावे लागेल.

आपल्यापैकी काहींच्या मनात शंका असेल की पुरवणीचा वाचक पन्नाशीच्या पुढचा, त्याला याचे काय? त्याच वाचकाच्या घरात नातू खेळतो आहे. तो काय खेळतो हे आजोबांना कळले तर दोघांत बोलायला विषय मिळेल. आमच्या घरी मामा आणि भाच्यात तो मिळाला. शिवाय आज ज्यांना पुरवणी उघडावीशी वाटत नाही, ती मुले अशा एका रकान्यासाठी ती उघडतील. मराठीचा वाचक वाढावा म्हणून गोव्यात एवढे कार्यक्रम होतात, त्यात ही एक साधी वाट आहे.

लिहिणार कोण, हा प्रश्न खरा आहे. आमच्या शाळेच्या भित्तिपत्रकात मी गेली काही वर्षे मुलांकडून गेमवर लिहून घेतो आहे. नववीतल्या एका मुलीने सबनॉटिकावर लिहिताना आपण खोल कड्याच्या काठाशी येऊन परत फिरलो आणि नंतर कधीच पुढे गेलो नाही हे सांगितले, आणि त्या काठावर पाण्याचा रंग कसा बदलतो त्याचे वर्णन केले. गेम तिने पूर्ण केला नव्हता, पण भीती कशी रचली आहे हे तिला नेमके कळले होते. अशी मुले पुढे फर्मागुडीला इंजिनिअरिंगला जातात, पणजीत नोकरीला लागतात, खेळत राहतात, मराठी विसरत नाहीत. त्यांना आजवर कोणी लिहा म्हटलेले नाही.

आणखी एक गोष्ट, कारण ती थेट आपल्या बातमीदारीशी जोडलेली आहे. पबजी आणि भारतासाठी काढलेला बीजीएमआय हे गेम क्राफ्टन या दक्षिण कोरियाच्या कंपनीचे. त्याच कंपनीने २०२१ मध्ये अननोन वर्ल्ड्स विकत घेतली. जुलै २०२५ मध्ये तिने चार्ली क्लीव्हलंड यांच्यासह स्टुडिओच्या तिन्ही प्रमुखांना पदावरून काढले आणि 'सबनॉटिका २' चे २०२५ चे अर्ली अ‍ॅक्सेस प्रकाशन २०२६ वर ढकलले. स्टुडिओच्या विक्रीवेळी ठरलेल्या २५ कोटी डॉलरपर्यंतच्या जादा मोबदल्यावरून वाद झाला, तो न्यायालयात गेला, आणि नाराज खेळाडूंनी बहिष्काराची भाषा केली. गेम अजून हातात आलेला नसताना त्याचा स्वीकार असा ठरू लागला. बीजीएमआय गोव्यात गल्लोगल्ली खेळला जातो. ज्या कंपनीच्या गेमचे नाव आपण २०१९ पासून बातम्यांत घेत आला आहात, तिच्याबद्दलची ही बातमी मात्र मला मराठीत वाचायला मिळाली नाही.

तेव्हा सुरुवात 'सबनॉटिका २' पासूनच करावी असे सुचवतो. दोन माणसांना खेळायला सांगा. एक जुना खेळाडू असावा, दुसऱ्याने पहिला भाग पाहिलेलाही नसावा. त्यातला एक किनाऱ्यावरचा मिळाला तर फारच चांगले. दोघांकडून प्रत्येकी आठशे शब्द घ्या, एकाच रविवारी शेजारी शेजारी छापा. कोणत्या यंत्रावर, किती तास, कुठवर खेळले, गेम विकत घेतला की कंपनीने दिला, हे वर चौकटीत असू द्या. मानधन नाट्यपरीक्षणाइतकेच द्या. आणि अर्ली अ‍ॅक्सेस संपून गेम पूर्ण झाला की त्याच दोघांना पुन्हा लिहायला सांगा. पहिल्या मजकुरातले काय आता लागू नाही हे त्यांनी नाव घेऊन सांगावे. त्यासाठीची जागा आजच राखून ठेवा, कारण दुसऱ्यांदा लिहायला कोणाला आठवण राहत नाही.

लिहिणारे शोधायला मदत लागली तर पेडणे, बार्देश आणि डिचोली या तीन तालुक्यांतल्या शाळांतल्या माझ्या सहकाऱ्यांकडे मी शब्द टाकीन. पहिल्या परीक्षणांचे संपादन करून द्यायचे असेल तर तेही विनामूल्य करीन. आपल्यापैकी कोणत्याही एका दैनिकाने होकार कळवला तरी पुढच्या आठवड्यापासून कामाला लागायची तयारी आहे.

कळावे,

आपला नम्र,
पेडणे तालुक्यातील एक शिक्षक आणि वाचक